घरमालकांच्या खिशातली परवानगी

काळजी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझी आई लातूरला बसून पुण्यातल्या पावसाची काळजी करते, आणि माझा मॅनेजर हिंजवडीत बसून अमेरिकेतल्या सुट्ट्यांची. पण दुसऱ्याच्या वाट्याची काळजी त्याच्या हातातून ओढून घेऊन ती स्वतःच्या डोक्यावर मिरवणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा घरमालक होता. माणमधल्या त्यांच्या इमारतीत मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. सगळे भाडेकरू त्यांना आप्पा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. जिथे एके काळी आप्पांचा भात पिकायचा तिथे आता आमच्या गाड्या लागत होत्या. पाऊस वेळेवर येईल का, करपा पडेल का, डुकरं शिरतील का, असल्या काळज्यांवर ज्याचा पिंड पोसला, तो माणूस शेती गेल्यावर हात बांधून थोडाच बसणार? आप्पांनी भाडेकरूंची काळजी करायला घेतली, आणि खरं सांगायचं तर भातापेक्षा आमचं पीक त्यांना जास्त भरघोस आलं.

मला यायला उशीर झाला की आप्पा फाटकाशी उभे असायचे, हे एक वेळ समजू शकतं. मी लवकर आले तरी उभे असायचे. "म्याडम, आज लवकर? नोकरी हाय न्हवं?" वेळेवर आले तर त्यांचा जीव जास्तच टांगणीला लागे. "रोज एकाच टायमाला येतीया ही पोरगी. कुनी पाळत ठिवली म्हंजी?" माझ्या स्कूटरच्या चाकात हवा कमी आहे असं त्यांना सतत वाटायचं आणि ते येता जाता चाक अंगठ्याने दाबून बघायचे. दाबून दाबून ती हवा त्यांनीच घालवली असावी असा माझा दाट संशय आहे. कुणी शिंकलं की खालून आवाज यायचा, "कोन ते? काढा घेतला का?" आणि शिंकणाऱ्याने उत्तर दिलं नाही तर आप्पा जिना चढून वर यायचे. त्यामुळे आमच्या इमारतीत लोक उशीत तोंड खुपसून शिंकायचे.

त्यांच्या काळजीचा गाभारा म्हणजे बोअरची मोटर. वरच्या टाकीतलं पाणी संपलं तर ज्याला हवं त्याने जिन्यात उभं राहून हाक मारायची, आप्पांनी "कशाला?" असं विचारायचं, आणि कारण पटलं तर बटण त्यांनी स्वतः दाबायचं, असा रिवाज होता. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावला तर त्या दिवशी इमारतीत सुतक. खालच्या खोलीतला बिहारचा एक तरुण बिचारा "अंकल, नहाना है" म्हणायचा आणि आप्पा त्याला मराठीतून सुनावायचे, "सकाळी न्हालास की! काय चिखलात लोळलास का?" शेवटी त्यांच्या मुलाने, जो पुण्यात राहतो आणि वडिलांशी फोनवरूनच भांडतो, टाकी रिकामी झाली की आपोआप चालू होणारी मोटर बसवून दिली. आता आप्पा सुटले असं आम्हाला वाटलं. झालं उलटंच. आप्पांनी प्लास्टिकची खुर्ची आणून मोटरच्या समोर मांडली आणि तिच्यावर पाळत ठेवून बसू लागले. मी म्हटलं, "आप्पा, आपोआप चालतंय ना सगळं, मग बसता कशाला?" तर म्हणाले, "आपोआप कायबी चालत नसतं, म्याडम. कुनाच्या तरी सांगन्यावरनंच चालतंय. त्यो कोन, येवढं मला कळू द्या, मंग मी उठतू."

हे वाक्य मी उत्साहाच्या भरात ऑफिसमध्ये सांगितलं आणि माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आमच्या कंपनीत दवाखान्यांसाठी एक प्रणाली बनत होती. पेशंटने एका दवाखान्यात नाव नोंदवलं की त्याचे दुसऱ्या दवाखान्यातले जुने रिपोर्ट आपोआप मागवले जाणार, त्याच्या मोबाईलवर परवानगीचा मेसेज जाणार, त्याने हो म्हटलं की रिपोर्ट पोचणार. पण ती मागणी करायची कुणी, ती चालवायची कुणी, डॉक्टरने की काउंटरवरच्या मुलीने, पेशंट शुद्धीवर नसेल तर कुणी, यावर आमच्याकडे रोज वादावादी चाले. मी आप्पांचं वाक्य ऐकवलं. सगळे हसले, आणि मॅनेजर म्हणाला, "व्हेरी गुड, मग हे नियम तूच लिही." तेव्हापासून मीही काळजी करणाऱ्यांत जमा झाले. एखादा नियम सैल राहिला तर कुणाचं तरी दुखणं नको त्याच्या हाती पडणार, आणि फार आवळला तर गरजेच्या वेळी अडकणार. मी आणि आप्पा संध्याकाळी पायरीवर बसून आपापल्या धास्त्या उगाळायचो, आणि त्या दिवसांत आम्ही दोघं एकमेकांना फार समजून घ्यायचो.

दुखण्याच्या बाबतीत तर आप्पांची धास्ती औरच. त्यांना साखरेचा त्रास होता, आणि ही गोष्ट भावकीत कळता कामा नये असा त्यांचा निर्धार. कळली तर काय होईल हे त्यांनाही सांगता यायचं नाही. "लोक इचारत्यात, पोरी. आन इचारता इचारता म्हातारं करत्यात." म्हणून ते लग्नकार्यात पंगतीत बसून सगळ्यांच्या देखत जिलबी मागून घ्यायचे, दोनदा मागून घ्यायचे, आणि मग घाबरून संध्याकाळपर्यंत टेकडीला फेऱ्या मारायचे. रक्ताचे रिपोर्ट ते पेंडीच्या रिकाम्या पोत्यात लपवायचे. गंमत अशी, की नाक्यावरचा चहावाला त्यांना न सांगता बिनसाखरेचा चहा द्यायचा आणि समोरचे चार लोक तो कौतुकाने बघायचे. अख्ख्या गावाला आप्पांची साखर ठाऊक होती. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की गावाला ठाऊक आहे, आणि हे गुपित मात्र गावाने फार प्रेमाने राखलं होतं.

आमची प्रणाली सुरू झाली आणि अशा माणसाच्या गावात तिच्या आरोग्य कार्डाचं शिबिर भरलं. देवळाच्या सभामंडपात टेबलं मांडली होती आणि एक मुलगी प्रत्येकाचा मोबाईल नंबर विचारत होती. आप्पा टेबलाच्या कडेला उभे. काकी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, पुढे आल्या तर आप्पांनी स्वतःचा नंबर सांगितला. भावजय आली, तिचाही तोच. म्हातारे चुलते आले, त्यांचाही तोच. बिहारचा तो तरुण आला तर त्यालाही बाजूला सारून आप्पांनी आपलाच नंबर दिला. मुलगी म्हणाली, "आजोबा, ज्याचा त्याचा नंबर द्यायचा असतो." आप्पा म्हणाले, "गॅस माझ्या नंबरावर, लाईट माझ्या नंबरावर, रेशन माझ्या नंबरावर. मंग दुखनंच येगळं कशाला?" यात त्या मुलीचंही काही चुकलं नाही. आमच्याकडे घरातल्या सगळ्यांचा नंबर म्हणजे कर्त्या माणसाचा नंबर, हे इतकं अंगवळणी पडलं आहे की नियम लिहिताना ते ऑफिसात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आणि मग आप्पांच्या खिशात परवानग्या वाजू लागल्या. चुलते डोळे दाखवायला गेले की इकडे माणमध्ये आप्पांचा खिसा थरथरायचा. आप्पा मेसेज दोनदा वाचायचे, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचायचे, आणि थेट दवाखान्यात फोन लावायचे. "डोळ्याच्या डाक्टरला पोटाचा रिपोट कशाला पायजेल? तुमी कोन? तुमाला कुनी सांगितलं मागवायला?" तिकडची मुलगी म्हणायची, सर, सिस्टीमने आपोआप मागवलंय. "त्या शिष्टीमला फोन द्या." तोवर चुलते बिचारे डोळ्यात थेंब घालून आंधळ्यासारखे बाकावर. पटलं नाही तर आप्पा सरळ नकार द्यायचे. मी त्यांना समजावलं, की परवानगी ज्याची त्याने द्यायची असते, नाहीतर त्याने ज्याला नेमलं त्याने. ते म्हणाले, "मंग मी हाय की नेमलेला." मी विचारलं, "तुम्हाला नेमलं कुणी?" आप्पांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मीच."

मी हसले खरी, पण ते हसू फार टिकलं नाही. काकींबद्दल मी अजून काही सांगितलं नाही, कारण त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही त्या घडूच द्यायच्या नाहीत. काकींच्या वाट्याची सगळी काळजी आप्पाच करत असल्यामुळे त्यांचा चेहरा कायम निवांत. एक दिवस त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मला हितं काखंजवळ गाठ लागतीया." माले गावी माहेरी जाते असं सांगून त्या वाटेत पौडला उतरल्या होत्या आणि सोनोग्राफीही करून आल्या होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवा म्हणून सांगितलं होतं. "ह्यास्नी कळू द्यायचं न्हाई," काकी म्हणाल्या. "माझं काय व्हायचं ते व्हईल. पर हे आधी जात्याल. शिंकलं तर जिना चढत्यात, हे ऐकून काय करत्याल?"

माझ्या डोळ्यांपुढे आप्पांचा शर्टाचा खिसा उभा राहिला. पौडला कार्डावर नोंद झाली तेव्हा मागवायला जुने रिपोर्टच नव्हते, म्हणून मेसेज गेला नव्हता. पुण्याच्या दवाखान्यात कार्ड दाखवलं की मागणी निघणार, आणि ती कर्त्याच्या फोनवर जाणार. नंबर बदलायचा तर त्याचा ओटीपीचा आकडाही आधी जुन्याच नंबरवर येणार, म्हणजे पुन्हा त्याच खिशात. मी हे सगळं सांगितलं तर काकी म्हणाल्या, "पर तुमीच करता न्हवं हे, तुमच्या हापिसात? तितनं हळूच न्हाई का करता येत?" करता आलं असतं. चाचणीसाठी आम्हाला जे अधिकार होते त्यातून एका दमात झालं असतं. पण ओळखीच्या माणसासाठी कर्मचाऱ्याने मागणी चालवायची नाही हा नियम मीच लिहिला होता, आणि तो काकींसारख्याच कुणाचा तरी विचार करून लिहिला होता. "काकी, मला येतं, पण मला परवानगी नाही," मी म्हटलं. माझं मलाच कसंतरी झालं. काकींनी वाद घातला नाही. "मंग आपन कार्डच न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

मला साडी निवडून द्यायला काकी पुण्याला येताहेत असं आप्पांना सांगितलं. त्यांनी चांदणी चौकातल्या गर्दीची, साडीच्या दुकानातल्या खिसेकापूंची आणि माझ्या स्कूटरच्या हवेची यथासांग काळजी केली आणि आम्ही रिक्षाने निघालो. वाटेत मी काकींना दहादा बजावलं, कार्ड आहे का विचारलं तर नाही म्हणायचं. काकी मान डोलवत होत्या. आणि काउंटरवरच्या मुलीने "आजी, कार्ड आहे का?" असं विचारताच काकींनी कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यात कायमचं पडून असलेलं कार्ड काढून मुलीच्या हातात दिलं. जन्मात कधी समोरच्याला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, ते तिथे कसं जमावं? मुलीने कार्ड यंत्राला दाखवलं. पडद्यावर अक्षरं आली, 'संमतीची प्रतीक्षा'. ती अक्षरंही मीच निवडली होती. मेसेजमध्ये कुठल्या विभागाने रिपोर्ट मागवला आहे तेही स्वच्छ मराठीत असावं, म्हणजे माणसाला समजून उमजून ठरवता येईल, असा हट्टही माझाच. आप्पांच्या फोनवर या क्षणी काकींचं नाव होतं आणि त्याच्यापुढे 'कर्करोग विभाग' हे शब्द होते.

आम्ही बाकावर बसलो. काकींनी माझा हात धरला, तो गार पडला होता, माझा का त्यांचा ते आता आठवत नाही. मी फोन मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होते. आता वाजेल. आप्पा विचारतील, तुमी कोन, कुनाच्या सांगन्यावरनं, आणि मी काय सांगू? का फोन वाजणारच नाही, आणि मोटरसमोरच्या खुर्चीत ते एकटेच पडलेले असतील? एवढ्या मोठ्या दवाखान्यात बसून मला माणमधल्या एका माणसाची छाती दुखत असल्याचं जाणवत होतं. आप्पा बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा वाचतात. त्यांनी वाचलं नसेल हे शक्यच नव्हतं. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, आले रिपोर्ट. परवानगी मिळाली." फोन वाजला नव्हता. एकही प्रश्न न विचारता आप्पांनी हो म्हटलं होतं. काकी हळूच म्हणाल्या, "वाचलं नसंल. चुकून दाबलं आसंल." मीही हो म्हटलं. आत सुईची तपासणी झाली, निकालाला पुन्हा यायला सांगितलं, आणि खोटं निभावायचं म्हणून आम्ही खरोखर एक साडी घेतली.

घरी आलो तर आप्पा फाटकाशी नव्हते. ओट्यावर बसले होते. साडी बघून "रंग बरा हाय" म्हणाले आणि जेवलात का विचारलं. पुढचे दिवस मला अजून नकोसे वाटतात. आप्पांनी काळजी करणं सोडून दिलं. मी उशिरा आले तरी फाटक रिकामं. स्कूटरचं चाक खरोखर बसलं होतं, ते माझं मलाच कळलं. मी मुद्दाम जिन्यात उभी राहून मोठ्याने शिंकले, पण खालून आवाज आला नाही. एक दिवस टाकी भरून पाणी गच्चीवरून भिंतीने खाली वाहत होतं, बहुधा यंत्र बिघडलं असावं, आणि आप्पा खुर्चीत बसून त्या पाण्याकडे नुसते बघत होते. मोटर बंद केली ती बिहारच्या तरुणाने, घाबरत घाबरत, आणि त्याला कुणी रागावलं नाही.

मग ते माझ्याकडे आले. हातात नव्या मोबाईलचा खोका. "हिच्या कार्डावर हिचाच नंबर घालायचा हाय," म्हणाले. "कसं करत्यात ते सांग." आप्पा भिंतीकडे बघत बोलत होते. "वाचलं मी. तिनं मला सांगितलं न्हाई, म्हंजी मला सांगायचं न्हवतं तिला. मंग ते माझ्या खिशात यायलाच नको व्हतं. दुसऱ्याचं पत्र फोडल्यागत झालं." मी विचारलं, "मग फोन का नाही केलात? सगळ्यांना करता." आप्पांनी खोका उगाच उलटा करून बघितला. मग म्हणाले, "काय इचारनार? इचारलं आन त्यांनी सांगितलं म्हंजी?" आणि डोळे पुसायच्या ऐवजी त्यांनी चष्मा पुसला. मला त्या माणसाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण घरमालकाच्या गळ्यात पडायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मी चहा टाकला, बिनसाखरेचा.

नंबर बदलला त्या दुपारी दोघं ओट्यावर बसले होते. आकडा आप्पांच्या फोनवर आला. त्यांनी तो एकेक करून वाचला आणि काकींनी एका बोटाने नव्या फोनवर टिपला. हा नंबर कशासाठी बदलायचा हे आप्पांनी सांगितलं नाही आणि काकींनी विचारलं नाही. पण शेवटचा आकडा दाबून झाल्यावर काकी फोनकडे बघतच म्हणाल्या, "पुन्याला निकालाला जायचंय. येताय का?" आप्पांनी नुसती मान हलवली.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कुणाला घोर नको. गाठ वाईट निघाली, उपचार लांबले, काकींचे केस गेले आणि आता पुन्हा आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. मी लग्नानंतर माण सोडलं. आप्पांचा फोन येतो, माझ्या नवऱ्याच्या गाडीत हवा आहे का विचारायला. ऑफिसात मी नियमात एक ओळ वाढवून घेतली, की एका नंबरावर घरातली अनेक माणसं असतील तर प्रत्येकाला एकटं गाठून 'हाच नंबर चालेल का' असं विचारायचं. त्यासाठी मी मॅनेजरशी कडाक्याचं भांडले. पण आप्पा म्हटलं की मला ओळी आठवत नाहीत, तो निकालाचा दिवस आठवतो.

आम्ही तिघं बाहेर बसलो होतो. काकींचं नाव पुकारलं, त्या आत गेल्या, आणि जरा वेळाने डॉक्टरांनी दार उघडून म्हटलं, "घरचे कोण आहेत? या आत." मी आप्पांकडे बघितलं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. चपला बाहेर काढायची गरज नव्हती तरी काढल्या. डॉक्टर पुन्हा म्हणाले, या ना काका. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उंबऱ्याच्या अलीकडे उभं राहून ते काकींना म्हणाले, "यिऊ का?"

काकींनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.